सोजरबाईचं नाक

गफूरचाचांना बसून जेवताना मी कधी पाहिलं नाही. हातावर भाकरी घ्यायची, तिच्यावरच कालवण घ्यायचं आणि अंगणात फेऱ्या मारत जेवायचं, ही त्यांची पद्धत. चाची चुलीपासून ओरडायच्या, "मियाँ, घोडंबी उभ्यानं खातं, पण ते एका जागी तरी उभं राहतं!" चाचा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत घास गिळायचे. त्या भिंतीवर ते उद्याच्या बोर्डाची अक्षरं मांडून बघत असतात, हे मला फार उशिरा कळलं.

भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी दहावी होऊन लातूरला आले. आमचं गाव बिलोली तालुक्यात. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्या दिवसांत लातुरात गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि मुलींना खोली मिळणं अवघड होतं. कोणीतरी गंजगोलाईच्या मागचं गफूर पेंटरचं घर सांगितलं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, दारातच घुटमळले. मुसलमानाच्या घरी पोरगी ठेवायची का, हा विचार त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. ओसरीवर एक अर्धा रंगवलेला बोर्ड टेकवून ठेवला होता.

"हे काय लिहिलंय?" दादांनी विचारलं.

"जीवशास्त्र," चाचा म्हणाले. "वाचता येत न्हाई का?"

"न्हाई. पण अक्षर सरळ हाय."

चाचांनी हातातला ब्रश खाली ठेवला. "रजिया, चाय टाक," म्हणून आत चाचींना हाक मारली. खोली ठरली. पुढे कितीतरी वर्षं ते आल्यागेल्याला सांगायचे, "माझ्या अक्षराची खरी तारीफ एकाच माणसानं केली, अन् त्याला वाचता येत नव्हतं."

चाचा मूळचे उदगीरचे. त्यांचे वडील तिथल्या छापखान्यात कातिब होते. लग्नाच्या उर्दू पत्रिका ते हातानं लिहायचे आणि त्यावरून छपाई व्हायची. ती तिरपी, झुल्यासारखी खाली उतरत जाणारी उर्दू अक्षरं चाचा वडिलांच्या मांडीला मांडी लावून शिकले. मराठी आणि इंग्रजी अक्षरं मात्र ते रस्त्यावर शिकले, दुसऱ्यांचे बोर्ड बघून. लातुरात आल्यावर त्यांनी दुकान घातलं आणि बघता बघता निम्म्या गावाची नावं त्यांच्या हातची झाली. प्रत्येक बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, 'गफूर, लातूर'. कोणी म्हणालं की सही नको, जागा कमी पडते, तर ते बोर्डच परत उचलायचे. स्वतःच्या घरावर मात्र पाटी नव्हती. दाराचा रंग ते दरवर्षी बदलायचे. एका वर्षी हिरवा, दुसऱ्या वर्षी निळा. पोस्टमन वैतागून म्हणायचा, "चाचा, मी रंगावर घर लक्षात ठेवतो, तेवढं तरी राहू द्या."

या माणसाच्या पायांना थांबणं माहीत नव्हतं. एकदा चाची, चाचा आणि त्यांची बहीण नांदेडला लग्नाला निघाले. एसटी अहमदपूरला थांबली. चाचांनी खिडकीतून पाहिलं, तर त्यांनीच पूर्वी रंगवलेला एक बोर्ड कोणीतरी पानटपरीला दार म्हणून ठोकला होता. चाचा उतरले. किती ऊन खाल्लं, किती रंग टिकला, हे त्यांना बघायचं होतं. ते टपरीवाल्याला दार उघडझाप करायला लावत बसले आणि एसटी निघून गेली. चाची नांदेडला पोचल्या. नवरदेवाकडच्यांनी विचारलं, "मियाँ कुठायत?" चाची म्हणाल्या, "दाराशी हायत." लोक दाराकडे बघू लागले. चाचा दुसऱ्या दिवशी दुपारी आले, तेही खुशीत. "रजिया, पांढरा उडालाय, पण लाल तस्साच हाय!"

जूनमध्ये निकाल लागले की चाचांना श्वास घ्यायला वेळ नसायचा. गुणवंतांचे चेहरे क्लासच्या भिंतीवर मोठे करून रंगवायचे असत. एका वर्षी एकाच मुलीवर दोन क्लासनी हक्क सांगितला. ती एकाकडे भौतिकशास्त्राला जायची, दुसऱ्याकडे गणिताला. दोन्ही क्लास एकाच रस्त्यावर, समोरासमोर. चाचांनी दोन्ही भिंतींवर तीच मुलगी काढली, इकडेही समोर बघणारी आणि तिकडेही समोर बघणारी. महिनाभर ती बिचारी रस्त्यापलीकडच्या स्वतःकडेच बघत होती. दोन्ही सर भांडायला आले, तेव्हा चाचा म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा. पोरीचं स्वतःशी तर पटून राहिलंय."

माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा भिंतीवर येण्याइतके गुण मला नव्हते. डॉक्टर होण्याचं स्वप्न दादांनी गावभर सांगून ठेवलेलं. मी दोन दिवस खोलीबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी चाचा मला एका क्लासच्या भिंतीजवळ घेऊन गेले. हातात पत्रा होता. त्यांनी भिंतीचा एक कोपरा खरवडला. वरच्या मुलाच्या गालाखाली मागच्या वर्षीच्या मुलीचा कान निघाला, तिच्याखाली त्याच्या आधीच्या कोणाचा तरी चष्मा. "मीच काढले, मीच पुसले," ते म्हणाले. "भिंतीवर जायची घाई करू नको बेटा. शिकत राहा म्हणजे झालं." मी बी.एस्सी.ला गेले, पुढे एम.एस्सी. झाले. आज नांदेडला एका कॉलेजात शिकवते. त्या खरवडलेल्या भिंतीचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानू, मला समजत नाही.

पण चाचांची खरी ओळख मला त्याच्या आधीच झाली होती, मी अकरावीत असताना. भूकंपात गेलेल्या माणसांची चित्रं काढून घ्यायला तेव्हा लोक यायचे. किल्लारीच्या बाजूची, औशाकडची, निलंग्याकडची माणसं. कोणाकडे लग्नातल्या घोळक्याचा फोटो असायचा, त्यात नखाएवढा चेहरा. चाचा त्यावरून कोळशाच्या पावडरीनं मोठं चित्र करून द्यायचे. या चित्रांवर ते सही करत नसत. मी एकदा कारण विचारलं. "गेलेल्या माणसाखाली माझं नाव कशाला?" एवढंच म्हणाले.

एक दिवस निवृत्तीअण्णा नावाचे गृहस्थ आले. पन्नाशीच्या पुढचे, धोतर, डोक्याला रुमाल. बरोबर काहीच नव्हतं.

"फोटो?" चाचांनी विचारलं.

"कधी काढलाच न्हाई. नाव सोजर होतं."

बायकोचं चित्र हवं होतं आणि सांगायला फक्त नाव होतं. चाचांनी त्यांना खुर्ची दिली, आपण उभेच राहिले आणि विचारायला लागले. रागावली की काय करायची? पदर कसा खोचायची? बहिणींपैकी कोणासारखी दिसायची? अण्णा थोडं थोडं सांगायचे. पहिलं चित्र झालं. अण्णांनी बघितलं आणि मान हलवली, "न्हाई." आठ दिवसांनी परत आले, दुसरं चित्र. "न्हाई, ही न्हवं." तिसऱ्या वेळी चाचा रात्रीचे जागलेले दिसत होते, बोटं काळी, डोळे लाल. त्यांनी चित्र पुढे धरलं. अण्णांनी चित्राकडे पाहिलं, मग चाचांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "हीच."

चित्र पिशवीत घालून ते गेले. मला वाटलं, चाचा आता सुटकेचा श्वास सोडतील. ते अंगणात फेऱ्या मारत राहिले.

"ती नव्हती," ते म्हणाले.

"अण्णा तर हाव म्हणाले की."

"थकून म्हणाले. मला कळतं." त्या दिवशी त्यांनी हातावर भाकरीही घेतली नाही.

पुढची काही वर्षं बोर्डांची चलती होती. मग फ्लेक्स आलं. चेहरा मशीनमध्ये घालायचा, तासाभरात भिंतीएवढा बाहेर येतो. ज्या सरांचा पहिला बोर्ड चाचांनी रंगवला होता, ते एकदा संकोचत म्हणाले, "चाचा, मला उद्या सकाळी पाहिजे. तुम्हाला चार दिवस लागतात." चाचांच्या भाच्यानं फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. त्यानं मामूंना थंडगार खोलीत फिरती खुर्ची दिली. "मामू, तुम्ही फक्त बसून सांगायचं, अक्षर कोणतं घ्यायचं." आठ दिवसांत चाचा परत आले. चाचींनी विचारलं, काय झालं. "तिथं चुकलं तरी हात थरथरत न्हाई," ते म्हणाले. "असलं काम मला नको."

तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. त्या वयात लोक मुलांना परदेशी पाठवायचा विचार करतात. चाचांनी ओळखीतून शारजातल्या एका बोर्डाच्या दुकानात काम मिळवलं आणि दोन बॅगा भरल्या. एकीत कपडे, एकीत ब्रश. चाची आठवडाभर बोलल्या नाहीत. निघायच्या दिवशी म्हणाल्या, "ह्या घरात एक दार हाय, त्याला यंदा कोणता रंग द्यायचा ते सांगून जा." चाचा म्हणाले, "तूच ठरव." चाचींनी दार तसंच ठेवलं. आजही ते त्या वर्षीच्या पिवळ्या रंगाचंच आहे.

शारजात गेल्यावर कळलं की तिथंही ब्रशला काम नाही. प्लास्टिकची तयार अक्षरं कापून येतात, ती फक्त चिकटवायची. चाचा वर्षभर शिडीवर चढून अक्षरं चिकटवत होते. मग एका हॉटेलवाल्याला म्हणे हातानं लिहिलेला बोर्ड हवा होता. चाचांनी जीव ओतून लिहिला, उदगीरच्या वडिलांनी शिकवलेल्या त्या तिरप्या, झुलत्या अक्षरात. मालक अरब होता. त्यानं बोर्ड पाहिला आणि हसून म्हणाला, सुंदर आहे, पण ही आमची लिखावट नाही. असा बोर्ड लावला तर गिऱ्हाईक हिंदुस्थानी हॉटेल समजून बिर्याणी मागेल. चाचांनी बोर्ड उतरवला. उर्दूची आणि अरबीची अक्षरं तीच, पण त्या मुलखात ती वेगळ्या अंगानं उभी राहतात, वेगळ्या मापानं बसतात, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तीस वर्षं हात चालवलेला माणूस तिथं अडाणी ठरला.

दुसरा कोणी असता तर परत आला असता. चाचांनी शोधत शोधत एक उस्ताद गाठला. हा उस्ताद इराकी, लढाईमुळे देश सोडून आलेला, चाचांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. सुट्टीच्या दिवशी तो चार जणांना अक्षर शिकवायचा. त्यानं चाचांचा हात बघितला आणि सांगितलं, हात चांगला आहे, पण त्याला फार सवयी लागल्यात. आधी त्या काढाव्या लागतील. मग हातात बोरूची लेखणी दिली आणि पहिला धडा घातला. देवा, सोपं कर, अवघड करू नकोस, अशा अर्थाची एक छोटी दुआ. तेवढंच लिहायचं. चाचा ते चौदा महिने लिहीत होते. उस्ताद प्रत्येक कागदावर लाल शाईनं चूक दाखवायचा. पोट इथं फुगलं, मान इथं मोडली. आणि तिथला एक दंडक होता. उस्ताद इजाजत देईपर्यंत कागदाखाली आपलं नाव लिहायचं नाही. सहीसाठी बोर्ड परत उचलणाऱ्या माणसानं कोपरा कोरा सोडायला सुरुवात केली.

ते कागद चाचा घरी पाठवायचे. मी लातूरला गेले की चाची पेटी उघडून दाखवायच्या. "लोकांची माणसं तिकडून कंबल पाठवतात, अत्तर पाठवतात. आमचे मियाँ चुका पाठवून राहिलेत." दुआ लिहिलेली म्हणून त्या कागद जपून ठेवायच्या, एकावर एक, तळाशी स्वच्छ फडकं घालून. मी पाहिलं, की वर्षामागून वर्ष लाल रंग कमी होत चालला होता.

दर दोन वर्षांनी चाचा महिनाभर यायचे. केस पिकले, खांदे वाकले, पण फेऱ्या तशाच. मी एकदा धीर करून विचारलं, "या वयात रोज चुका काढून घ्यायला वाईट नाही वाटत?"

"अगं, तीच तर मजा हाय," ते म्हणाले. "तीस वर्षं लातुरात सगळे वा चाचा, वा चाचा म्हणत होते. खरं कोणी बोललंच न्हाई."

असं नवव्या वर्षापर्यंत चाललं. त्या वर्षी एका सकाळी चाचींचा फोन आला. "बेटा, येऊन जा. मियाँ आलेत, इजाजत मिळालीय."

"अरे वा! मग?"

"मग काय, बसलेत."

"बसलेत?"

"बसलेत! दोन दिवस झाले. म्हणून तर फोन केला."

मी गाडी घेऊन लातूरला गेले. चाचा खरंच खुर्चीत बसले होते. टेबलावर कागद होता. वर त्यांच्या हातची काळी, डौलदार अक्षरं. खाली उस्तादानं परवानगीच्या चार ओळी लिहिल्या होत्या. त्याच्या शेजारी चाचांच्या नावासाठी बोटभर जागा कोरी.

"लिहा की नाव," मी म्हणाले.

"उस्ताद आजारी हाय. त्याला त्याच्या मुलखाला परत जायचंय. जायच्या आधी आम्हा चौघांनाबी एकाच दिवशी इजाजत दिली." त्यांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "थकून हाव म्हणाला असेल, तर?"

"तुम्हाला असं का वाटतं?"

"तसला हाव मी एकदा ऐकलाय बेटा." मग एकदम उठले. "गाडी हाय ना तुझ्याकडं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निवृत्तीअण्णांच्या गावी गेलो. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सगळी घरं एकसारखी, विचारत विचारत जावं लागलं. अण्णा जिवंत होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं अंधुक दिसायचं. बैठकीत भिंतीवर सोजरबाईंचं चित्र, त्याला प्लास्टिकच्या फुलांचा हार. सूनबाईंनी कौतुकानं सांगितलं, "आमच्या लेकरांना आजी म्हंजे हीच. रोज पाया पडतात."

चाचा अण्णांच्या खाटेजवळ गेले. "अण्णा, मी पेंटर. लातूरचा."

अण्णांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "चित्रवाला?"

"हाव. एक विचारायचं राहिलं होतं. तिसरं चित्र बरोबर होतं का?"

"बरोबर हाय की!" सूनबाईच म्हणाल्या.

"तुम्ही थांबा बाई. अण्णांना बोलू द्या."

अण्णा म्हणाले, "न्हाई. नाक तसं न्हवतं."

सूनबाई ओशाळल्या. "मामांचं वय झालंय, मनावर घेऊ नका." पण चाचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एवढं उजळलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं.

"मग तवा हाव का म्हणालात?"

"तीन बारी काढलं तुमी. तुमच्या तोंडाकडं बगवत न्हवतं. म्हणलं, ह्या माणसाला तरी मोकळं करावं."

"अन् तुमचं काय? चुकीचं चित्र घेऊन गेलात."

"माझं काय?" अण्णा म्हणाले. "ती कशी व्हती ते मला ठावं हाय की."

चार दिवसांनी चाचा शारजाला परत गेले. उस्ताद त्याच्या मुलखाला निघायच्या आधी त्यांनी त्याला सरळ विचारलं, थकून हाव म्हणालात का? चाचींनी मला फोनवर सांगितलं, की उस्ताद आधी रागावला, मग हसला, आणि मग त्यानं लाल शाई मागून घेतली. कागदाचा तो कोपरा अजून कोरा आहे. चाचा आता तिथंच, कोणा दुसऱ्या उस्तादाकडे जातात. आमची त्यानंतर भेट झालेली नाही.

मला आठवतात ते त्या दुपारचे, अण्णांच्या घरातले चाचा. मला नांदेडला परतायचं होतं. त्यांना म्हटलं, "चला, लातूरला सोडते." ते म्हणाले, "तू हो पुढं. मी एसटीनं येतो." त्यांनी झोळीतून कागद आणि पेन्सिल काढली आणि खाटेजवळ जमिनीवर चक्क मांडी घालून बसले. सूनबाईंनी दिलेला चहा बाजूला निवत होता.

"आता सांगा, नाक कसं होतं?"

"बसकं."

"किती बसकं?"

अण्णांनी हात लांब केला, चाचांचा चेहरा चाचपला आणि अंगठ्यानं त्यांचं नाक मधोमध दाबलं. "हितून. आन् शेंड्याला जरा वर."

चाचांनी नाक तसंच दाबू दिलं आणि पेन्सिलीनं कागदावर रेघ ओढली. अण्णांनी कागद घेऊन बऱ्या डोळ्याला जवळजवळ चिकटवला. मी दारातून वळून पाहिलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

चाचांनी खोडरबर उचललं.